संगणकापुढचे डोळे

"डॉक्टर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपते, संध्याकाळी डोके ठणकते," अशी तक्रार घेऊन दिवसभर संगणकावर अर्ज भरणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ परवा दवाखान्यात आले. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले थेंब ते महिनाभर घालत होते. बाटली पाहिली, तर त्यात स्टेरॉइड! असे थेंब सल्ल्याविना घालत राहिल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यांना बाटलीसह त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले.

मूळ दुखणे मात्र साधे होते. एरवी आपली पापणी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवते. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण बरेच घटते व डोळे कोरडे पडतात.

म्हणून पडदा ५० ते ७० सेंमी दूर ठेवावा. त्याची वरची कड नजरेच्या किंचित खाली असावी. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी. पडद्याचा उजेड खोलीतील उजेडाइतकाच ठेवावा. अक्षरे मोठी करावीत. पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहावे, पापण्या मिटाव्यात.

चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो. पडदा त्याहून दूर असतो. नंबर काढताना हे अंतर मोजून सांगावे.

डोळा लाल होऊन दुखला किंवा अचानक अंधुक दिसू लागले, तर थेंबांचे प्रयोग न करता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.