जुन्या जीपला डिस्क ब्रेक

बोर घाट चढताना गाडीच्या इंजिनाचा कस लागतो, उतरताना ब्रेकचा. घाट उतरून पनवेल गाठायचं, तर जुन्या जीपच्या ड्रम ब्रेकची खरी परीक्षा होते. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर सरतो आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. डिस्क उघड्या हवेत असल्याने लवकर थंड होते आणि कोकणातल्या पावसात भिजली तरी चटकन धरते. म्हणून जुनी गाडी रोज वापरणाऱ्याला पुढच्या चाकांना डिस्क बसवावीशी वाटणं साहजिक आहे.

आपल्याकडच्या जुन्या अमेरिकन गाड्यांची दोन मोठी घराणी मुंबईतूनच आली. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या. महिंद्रने माझगावला विलीज जीप. डॉज-प्लिमथचं उत्पादन थांबलं, जीपचा वंश मात्र पुढे चालू राहिला. सुटे भाग शोधताना हाच फरक निर्णायक ठरतो.

दुसऱ्या गाडीची डिस्क घ्यायची, तर आधी चाकाचे स्टड जुळायला हवेत. जीपच्या चाकाला पाच स्टड असतात आणि ते 139.7 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात. 2000 साली आलेल्या बोलेरोचं मापही तेच, मारुती जिप्सीचंही तेच. मोजायची रीत सोपी आहे: शेजारच्या दोन स्टडच्या मध्यबिंदूंमधलं अंतर 82 मिलिमीटर भरलं, तर माप जुळलं. डॉज-प्लिमथच्या मोटारींत हे अंतर 67 भरतं, म्हणजे वर्तुळ 114.3 चं. चाक काढताना आणखी एक सांभाळायचं. विलीज आणि जुन्या क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना रेटला, तर नट सैल होण्याऐवजी आवळतो आणि स्टड तुटतो.

पण स्टड जुळले म्हणजे ब्रेक बसले असं नाही. हबचं मधलं भोक, बेअरिंगचं माप, डिस्कची जाडी आणि कॅलिपर ज्यावर बसतो तो नकल, हे सगळं तपासावं लागतं. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट अनेकदा वेगळा करून घ्यावा लागतो. त्यात वेल्डिंगची तडजोड नको. चाक फिरवून कॅलिपर रिमला घासत नाही ना, हेही पाहायलाच हवं.

सगळ्यात जास्त चुका मास्टर सिलिंडरमध्ये होतात. ड्रमसाठीचा जुना सिलिंडर नळीत थोडा दाब धरून ठेवतो. तोच डिस्कला ठेवला, तर पॅड सतत घासतात आणि डिस्क तापते. शिवाय फिरता ड्रम लायनरला स्वतःच ओढून घेतो, ती मदत डिस्कला नसते. म्हणून बूस्टर हवा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच नळीमार्ग असतो, एक नळी फुटली की सगळे ब्रेक गेले. अमेरिकेत 1968 पासून मोटारींना दुहेरी मार्ग सक्तीचा झाला. एवढं काम काढलंच आहे, तर दुहेरी सिलिंडर बसवूनच घ्या.

काम काढण्याआधी आरटीओत विचारा. निर्मात्याच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल कायद्याला मान्य नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि काम झाल्यावर एअर नीट काढा, आधी सपाट रस्त्यावर तपासा, मगच घाटात जा. भंगारातून हब आणा, डिस्क आणा. पण पॅड, रबरी सील आणि होजपाइप नवेच घ्या. तिथे वाचवलेला पैसा उतारावर फार महागात पडतो.