खेळाचं खेळतं भांडवल

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. बारावीची परीक्षा आटोपून नातू आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला होता. एका दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं वहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, एवढं प्रकरण तपासून द्या. तुम्ही नापास केलंत तर आई पैसे देणार नाही."

पैसे तसे त्याचेच होते. तो दुसरीत असताना त्याच्या नावानं आम्ही दरमहा ३०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली होती. दहा वर्षांची मुदत संपून व्याजासकट ५५ हजारांच्या घरात रक्कम हाती आली होती. वाढदिवसाच्या पाकिटांचे पाच हजार धरून झाले ६० हजार. त्यातून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हातभार लागावा, असं माझ्या मनात होतं. त्याच्या मनात होता गेम खेळायचा कॉम्प्युटर. तोही तयार नव्हे, एकेक भाग निवडून जुळवलेला! फीची तजवीज लेक-जावयांनी वेगळी केली होती, तरी लेकीचा चेहरा उतरलेलाच होता. "बाबा, तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून तिनं निर्णय माझ्या गळ्यात घातला.

आता मी कोण? ज्या पिढीनं बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून दंडाला काळ्या फिती लावल्या, त्या पिढीतला. पण लघुउद्योगांची कर्जप्रकरणं तपासण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यामुळे साठ हजारांचा आराखडा समोर आला, की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

यादी वाचली आणि जुने उद्योजक आठवले. नवा उद्योजक बहुधा एकच चूक करतो. यंत्रं भारी घेतो, कारखान्याचा दर्शनी भाग सजवतो आणि कच्चा माल, पगार, वीजबिल यांसाठी लागणारं खेळतं भांडवल विसरतो. नातवानं अगदी तेच केलं होतं. आठ कोअरचा महाग प्रोसेसर, तो थंड ठेवायला पाण्यावर चालणारा कूलर, काचेचा आणि रंगीत दिव्यांचा कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड मात्र वापरलेलं, बिलाशिवायचं. आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, पॉवर सप्लाय: १,५०० रुपये.

त्या शेवटच्या ओळीवर माझी पेन्सिल थांबली. त्याला कारण होतं.

२००६ साली, भारनियमनाच्या दिवसांत, माझ्याकडेही असाच जुळवून घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यावर मी एक कादंबरी लिहीत होतो. अकरा प्रकरणं झाली होती. त्यातल्या फक्त पहिल्या तीन प्रकरणांची प्रत फ्लॉपीवर होती. एका संध्याकाळी गेलेली वीज झटक्यात परत आली, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. पॉवर सप्लाय गेला तो हार्ड डिस्कला घेऊनच. जुळवणाऱ्याला मी फोनवर बरंच बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चारशे रुपये वाचवायला स्वस्तातला टाका, असं तुम्हीच म्हणाला होतात." खरं होतं ते. कादंबरी पुढे मी पुन्हा लिहिली. पण आठव्या प्रकरणात जे जमलं होतं, ते दुसऱ्यांदा काही जमलं नाही.

ही हकिकत नातवाला मी प्रथमच सांगितली. तो काही बोलला नाही, पण १,५०० च्या आकड्यावर त्यानं स्वतःच काट मारली.

मग आम्ही दोघं नव्यानं बसलो. इथे शिकायची पाळी माझी होती. प्रोसेसर म्हणजे मेंदू, तेव्हा जास्त पैसा त्यालाच, असं मी धरून चाललो होतो. त्यानं मला समजावलं, की बहुतेक गेममध्ये ओझं पडतं ते ग्राफिक्स कार्डावर. घरात जावयांनी कोरोनाच्या काळात घेतलेला मॉनिटर होता. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर १२ कोटी ४४ लाख! एवढी रंगरंगोटी दर सेकंदाला कार्डानं करायची. फोर-के पडदा असता, तर हेच काम चौपट झालं असतं. तेव्हा आधी पडदा पाहायचा, पडद्याला पुरेल तेवढं कार्ड घ्यायचं, कार्डाला साजेसा प्रोसेसर निवडायचा आणि या सगळ्यांच्या भुकेप्रमाणे वीज. कार्ड दुबळं ठेवून प्रोसेसर बलदंड घेणं म्हणजे काउंटरवर चार चपळ कारकून बसवून चेक पास करायला एकच अधिकारी ठेवणं. रांग हलणार कशी?

कार्ड वापरलेलं का नको, यावर मात्र वाद झाला. इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था सप्टेंबर २०२२ मध्ये बदलली, तेव्हा ते चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. सगळीच वाईट असतील असं नाही. पण किती राबलं हे कळत नाही आणि वॉरंटीही नाही, अशा यंत्रावर मी कधी कर्ज मंजूर केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर मी तरुणपणी मिनर्व्हाला सिनेमे पाहायला जात असे. कॉम्प्युटरचे भाग घ्यायला पहिल्यांदाच गेलो. एका दुकानात "बिल नको असेल तर कमी होतील," असं सांगितलं गेलं. नातवानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "बिल हवंय. उद्या वॉरंटीसाठी तेच दाखवावं लागेल."

संध्याकाळपर्यंत हिशेब झाला तो असा: सहा कोअरचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,५०० (पंखा त्याच्याबरोबरच येतो, पाण्याचा कूलर बाद!), मदरबोर्ड ८,५००, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड, नवं, २१,०००, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या ३,५००, एक टीबीची एसएसडी ५,५००, पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, ४,५००, बिनदिव्यांचा, हवा खेळती ठेवणारा कॅबिनेट ३,०००. एकूण ५७,५००.

कार्डाला सुमारे १३२ वॉट, प्रोसेसरला पाऊणशे, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. मग ५५० कशाला, असं त्यानं विचारलं. खातं नेहमी मंजूर मर्यादेला टेकलेलं असलं, तर एखाद्या अडचणीच्या दिवशी चेक परत जातो, एवढंच मी म्हणालो. त्यानंही मला एक गोष्ट दाखवली: डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जायचं नाही, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचायचं, स्वस्त मालाचं पितळ तिथे उघडं पडतं. '८० प्लस' हा शिक्काही विजेची बचत सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही.

हे भाव तेव्हाचे. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती भलत्याच चढल्या, त्यामुळे हीच यादी घेऊन कुणी बाजारात गेलं, तर बेरीज जुळणार नाही. क्रम मात्र तोच राहील. आधी काम कोण करणार ते पाहा, मग ते काम सुरक्षित कोण ठेवणार ते पाहा. शोभेचं उरलेल्या पैशांत. खेळ किती तास खेळायचा, हा प्रश्न कुठल्याही भागानं सुटत नाही. तो मायलेकांनी मिटवायचा, आणि आमच्या घरी तो अजून अधूनमधून गाजतो.

जुळवणी त्यानं आमच्याच जेवणाच्या टेबलावर केली. मी स्क्रू मोजून वाटीत ठेवत होतो. पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा लेक स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दिवे नाहीत का रे याला?" "नाहीत," तो म्हणाला, "ते पैसे आत आहेत."

उरले २,५००. त्याचं काय करायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पाच-सहा वर्षांनी कार्ड जुनं होईलच ना, आजोबा?" घसारा हा शब्द त्याला ठाऊक नव्हता; अर्थ कळला होता. सोमवारी आम्ही बँकेत गेलो. दरमहा ३०० रुपयांचीच ठेव. दहा वर्षांपूर्वी त्याच्या अर्जावर पालक म्हणून लेकीनं सही केली होती. तो नुकताच अठरा पूर्ण झाला होता. या वेळी ती जागा कोरी राहिली.