नात्यांचा अभ्यासक्रम आणि घरातला एकच मोबाइल

जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणते. या काळात शरीर बदलते तसे नात्यांचे जगही बदलते, कारण घरापेक्षा मित्रमैत्रिणींचे मत मोठे वाटू लागते, आकर्षण जागे होते आणि पहिला नकारही याच वयात पचवावा लागतो. या गोष्टी शिकवता येतात का, आणि येत असतील तर मोबाइलच्या पडद्यावरून शिकवाव्यात का, या प्रश्नांना रत्नागिरी जिल्ह्यात एक जुनी पार्श्वभूमी आहे.

दापोली तालुक्यातील मुरूड येथे १८८२ साली जन्मलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवले. मासिक प्रौढांसाठी होते. पण कोणाला सांगता येत नाहीत असे प्रश्न वाचक पत्राने विचारत, कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे छापत, आणि विचारणाऱ्याला समोर येण्याची गरज नसे. एका अर्थाने हे टपालाने चालणारे दूरशिक्षणच होते. त्यातील प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला, १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडली, तरीही निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला. ऑनलाइन शिक्षणाची खरी ताकद याच अनुभवात दिसते: ओळख झाकलेली असली की लाज आड येत नाही आणि प्रश्न विचारला जातो. आज पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेचे ‘लेट्स टॉक सेक्शुअ‍ॅलिटी’ हे संकेतस्थळ मराठीतून असेच प्रश्न घेते, तर ‘प्रयास’च्या आरोग्य गटाची ‘सेफ जर्नीज’ ही वेबमालिका तरुणांच्या नात्यांतील पेच गोष्टींमधून उलगडते.

शाळांची वाटचाल मात्र अडखळत झाली. २००७ मध्ये वाद उसळल्यावर महाराष्ट्राने शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. पुढे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, आणि २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या अकरा विषयांत परस्परसंबंध, लिंगसमानता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर यांना जागा मिळाली. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतील आठ मुख्य संकल्पनांत नातेसंबंध ही पहिली आहे, कारण मैत्रीतला आदर समजल्याशिवाय शरीराविषयीची माहिती अपुरीच राहते.

चांगला ऑनलाइन पाठ म्हणजे ध्वनिमुद्रित भाषण नव्हे. समजा, नववीतल्या एका मुलीच्या मोबाइलवर मित्राचा संदेश येतो, “ऑनलाइन होतीस ना? मग उत्तर का दिलं नाहीस? पासवर्ड दे.” इथे पाठ थांबतो आणि ती काय उत्तर देईल हे विद्यार्थ्याला निवडावे लागते, प्रत्येक निवडीनुसार गोष्ट वेगळ्या वळणाने जाते आणि काळजी कुठे संपून पाळत कुठे सुरू होते, हे त्याला स्वतःलाच दिसते. संमती म्हणजे भीती, भीड किंवा दडपण नसताना समजून-उमजून दिलेला आणि केव्हाही मागे घेता येणारा होकार, ही व्याख्या अशा प्रसंगानंतर आली तर ती मनात उतरते. त्याच ओघात हेही स्पष्ट सांगायला हवे की बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधासाठीची संमती कायदा मानत नाही. मुलग्यांना हे न सांगणे हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे.

रत्नागिरीत या शिक्षणाला आणखी एक अंग आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे कामासाठी मुंबईला गेलेले पुरुष. शिमग्याला आणि गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमानी वडिलांशी मुलांचे नाते उरलेले वर्षभर रात्रीच्या फोनवर चालते. दुरून जपायचे नाते येथील मुले लहानपणापासून जगत आहेत. मग राग आवाजातून कसा कळतो, समोरचा गप्प झाला तर काय करावे, न पटलेले कसे सांगावे, हे शिकवताना त्या फोनपासूनच सुरुवात का करू नये? प्रेमाचा विषय पहिल्याच दिवशी काढण्यापेक्षा ही वाट पालकांनाही अधिक मानवेल.

अडचण साधनांची आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागाला तडाखा दिला, तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद असतानाच वीज आणि मोबाइलसेवाही कोलमडली. एरवीही अनेक वाड्यांत रेंजसाठी सड्यावर जावे लागते. शिवाय घरात एकच मोबाइल असेल आणि तो आई, आजी, भाऊ असे सगळेच हाताळत असतील, तर मुलीने विचारलेला प्रश्न झाकलेला राहत नाही. म्हणून पाठ हलके, ध्वनिरूपात उतरवून घेता येणारे आणि शाळेतील संगणकावरही पाहता येणारे हवेत. आणि ‘नाही’ म्हणण्याचा सराव तर वर्गातच, दोघादोघांच्या संवादातून व्हायला हवा, कारण नकार ऐकताना समोरच्याचा पडणारा चेहरा पडद्यावर अनुभवता येत नाही. शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, यासाठी प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे; कागदी प्रश्नपेटीही त्यांच्याच हाती सोपवता येईल.

गुप्ततेला मात्र एक मर्यादा आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास त्याची खबर देणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि शिक्षक किंवा ऑनलाइन समुपदेशकही त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे कोणती गोष्ट गुप्त राहील, कोणती पुढे सांगावी लागेल, आणि तातडीच्या मदतीसाठी बालकांची १०९८ व मानसिक आरोग्याची १४४१६ ही हेल्पलाइन आहे, एवढे पहिल्याच पडद्यावर, प्रश्न लिहिण्याच्या चौकटीच्या वर, साध्या मराठीत छापलेले असावे.