सवलतीचे तिकीट : सोबत्याला वाटा कितपत?

सार्वजनिक वाहतूक सामान्य माणसाच्या आवाक्यात राहावी, हे लोककल्याणकारी राज्याने स्वीकारलेले धोरण आहे. त्यानुसार विद्यार्थी, महिला, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि रोज कामावर ये-जा करणारे नोकरदार यांना एस.टी., उपनगरी रेल्वे व मेट्रो यांच्या भाड्यात निरनिराळ्या सवलती मिळतात. तथापि दोन मित्र वा दोन सहकारी मिळून शहरात गेले, की एक साधा प्रश्न उभा राहतो. एकाजवळ सवलतीचा पास आहे, दुसऱ्याजवळ नाही. मग त्या सवलतीचा लाभ दोघांना वाटून घेता येईल काय?

“पास माझा, पैसे मी भरले, आज मला जायचे नाही, म्हणून मित्राला दिला तर बिघडले कुठे?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तो अनेकांना अडचणीत आणतो. यास्तव सवलत नेमकी कशाला दिलेली असते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

सवलतीचे तीन प्रकार

पहिली सवलत व्यक्तीला दिलेली असते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सुविधा मिळाली. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या नागरिकांना निम्मे भाडे पडते. महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली शाळेत जाण्यायेण्यासाठी मोफत पास मिळतो. या सवलती वय, शिक्षण वा सामाजिक गरज पाहून दिलेल्या आहेत.

दुसरी सवलत नियमित प्रवासाला दिलेली असते. उपनगरी रेल्वेचा मासिक वा त्रैमासिक पास हे तिचे परिचित उदाहरण होय.

तिसरी सवलत व्यवहाराला दिलेली असते. कार्डात आगाऊ पैसे भरले, सुट्टीच्या दिवशी प्रवास केला वा अनेकांनी मिळून तिकीट काढले, की भाड्यात काही सूट मिळते. प्रवासी कोण, याला येथे फारसे महत्त्व नसते.

स्थूलमानाने पाहता पहिल्या दोन प्रकारांत सवलत माणसाला चिकटलेली असते; ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र वाटून घेण्यास काही वाव असतो.

पासामागील गणित

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा द्वितीय वर्गाचा मासिक पास सुमारे १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर आधारलेला आहे. त्रैमासिक पासाची किंमत मासिक पासाच्या तिप्पट नसून २.७ पट असते. महिन्यातून २५ दिवस कामावर जाणारा माणूस जाऊन-येऊन ५० फेऱ्या करतो. म्हणजे ५० फेऱ्यांसाठी तो १५ फेऱ्यांचे मोल देतो. रुपयातील ७० पैसे त्याचे वाचतात.

एक माणूस दिवसातून साधारणपणे एकदा जाईल व एकदा परतेल, या गृहीतावर हे गणित उभे आहे. तोच पास सकाळपाळीच्या कामगाराने दुपारी आपल्या मित्राच्या हाती दिला, तर एका पासावर दोन माणसांचा प्रवास होईल आणि गृहीतच ढासळेल. पासावर धारकाच्या ओळखपत्राचा क्रमांक नोंदलेला असतो, त्याचे कारण हेच.

एस.टी.च्या सवलतींना आणखी एक बाजू आहे. महामंडळाने प्रवाशाला जे भाडे सोडले, त्याची प्रतिपूर्ती राज्य शासन करते. साहजिकच मित्राच्या पासावर कोणी प्रवास केला, तर त्याच्या भाड्याचा भार अखेर करदात्यांवर पडतो. ज्या विद्यार्थिनीची शाळा सुटू नये म्हणून हा पैसा बाजूला काढलेला असतो, तिच्या वाट्यातूनच तो खर्च होतो.

कायद्याची तरतूद

रेल्वे अधिनियम, १९८९ याच्या कलम ५३ प्रमाणे एखाद्याच्या नावाने दिलेले तिकीट केवळ त्यानेच वापरावयाचे असते. कलम १४२ त्याहून पुढे जाते. आरक्षित तिकीट, परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग किंवा मुदतीचा पास दुसऱ्याने प्रवास करावा या हेतूने त्याच्या स्वाधीन करणे, हा त्या कलमाखाली शिक्षापात्र अपराध आहे. येथे पैसे घेतले की न घेतले, हा प्रश्नच नाही. मैत्रीखातर दिलेला पासही त्यात येतो.

ज्याने असा पास वा तिकीट वापरले, त्याच्याकडून ते जप्त होते आणि तो योग्य तिकिटाविना प्रवास करीत होता, असे समजले जाते. त्याला प्रवासाचे भाडे व त्यावर अधिभार भरावा लागतो. हा अधिभार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा असतो. महिन्याचा पास गेला तो निराळाच. दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी केलेला हा व्यवहार दोघांनाही महाग पडतो.

याच कलम ५३ मध्ये एक सवड ठेवलेली आहे. एकाच गाडीने जाणारे प्रवासी आपापसांत आसन वा शय्या बदलून घेऊ शकतात. मित्राला खालची शय्या हवी असेल तर ती देण्यास कायद्याची आडकाठी नाही.

नाव बदलून घेण्याची सोय

आरक्षित तिकिटावरील नाव काही परिस्थितीत रीतसर बदलून मिळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज केल्यास आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती वा पत्नी यांच्या नावे तिकीट करून घेता येते. या यादीत मित्राचा समावेश नाही. शासकीय कामासाठी निघालेल्या कर्मचाऱ्याच्या जागी दुसरा कर्मचारी जाणार असल्यास सक्षम अधिकाऱ्याने २४ तास आधी तसे लेखी कळवावे लागते.

शिक्षकांच्या दृष्टीने यातील पुढची तरतूद उपयुक्त आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या सहलीतील एखादा विद्यार्थी ऐनवेळी येऊ शकला नाही, तर संस्थाप्रमुखाने ४८ तास आधी लेखी विनंती केल्यास त्याच संस्थेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव घालता येते. मात्र एकूण संख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक नावे अशी बदलता येत नाहीत. एकाच्या नावावर दुसऱ्याला गुपचूप नेण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. शिवाय मुलांसमोर चांगला पायंडा पडतो.

सोबत्यासाठीच असलेली सवलत

सोबत्याचा विचार नियमांनी मुळीच केलेला नाही, असे मात्र नव्हे. एस.टी.मध्ये दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. त्याचे अपंगत्व ६५ टक्के वा त्याहून अधिक असल्यास त्याच्या साथीदारालाही ५० टक्के सवलत मिळते. सोबतीवाचून त्या व्यक्तीला घराबाहेर पडणेच अशक्य, म्हणून ही तरतूद केलेली आहे. साथीदार कोणीही असू शकतो. परंतु दोघांनी प्रवास एकत्र केला पाहिजे. गावातील अशा किती कुटुंबांना ही माहिती आहे, याची चौकशी ग्रामपंचायत सदस्यांनी अवश्य करावी.

मेट्रो आणि कार्ड

मुंबईतील मेट्रो मार्ग २ अ व ७ यांवर २०२३ साली ‘मुंबई वन’ कार्ड सुरू झाले. ठराविक फेऱ्यांच्या मासिक पासात सूट ठेवण्यात आली. त्याच वर्षी १ मेपासून ६५ वर्षांवरील नागरिक, दिव्यांग व बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांच्यासाठी २५ टक्के सवलत लागू झाली. ही २५ टक्के सवलत व्यक्तीची असल्याने ती वाटता येत नाही.

कार्डात केवळ पैसे भरलेले असले, तरी एका वेळी एकच माणूस त्यावर फाटकातून आत जाऊ शकतो. पहिला प्रवासी आत गेला, की तो बाहेर पडेपर्यंत त्या कार्डाची फेरी अपुरी राहते. दुसऱ्याने तेच कार्ड टेकविले, तर फाटक उघडत नाही. म्हणून सोबत्याने आपले स्वतंत्र तिकीट घेणेच इष्ट.

इतर देशांतील रीत

लंडन शहरात २००३ पासून वापरात असलेल्या ‘ऑयस्टर’ कार्डाचा नियम या बाबतीत फार स्पष्ट आहे. कार्डात नुसते पैसे भरलेले असतील, तर ते एखादे दिवशी मित्राला वापरावयास देता येते. त्यात मुदतीचा पास वा वैयक्तिक सवलत नोंदलेली असेल, तर देता येत नाही.

जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने निराळा विचार केला. लोकांनी मोटार घरी ठेवावी या हेतूने १९९१ साली त्या परिसरासाठी जो मासिक पास निघाला, तो दुसऱ्याला वापरू देण्याची मुभा होती. रविवारी व सुट्टीच्या दिवशी धारकाला आणखी एक प्रौढ व चार मुले सोबत नेता येत. रिकाम्या धावणाऱ्या गाड्या त्यायोगे भरतात, हा त्यामागील हिशेब.

जपानच्या रेल्वेचे १९८२ मध्ये सुरू झालेले ‘सेइशुन १८’ नावाचे स्वस्त तिकीट दीर्घकाळ पाच दिवसांच्या एकाच पत्रिकेवर मिळे. एकाने ते पाच दिवस वापरावे किंवा पाच मित्रांनी मिळून एक दिवस वापरावे, अशी मोकळीक होती. २०२४ च्या हिवाळ्यापासून मात्र ते एकाच व्यक्तीने सलग दिवस वापरावयाचे ठरले. देणाऱ्याने जेवढी मुभा लिहून दिली, तेवढीच सवलत वाटून घेता येते. आणि ती मुभा काळानुसार बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

दोघांनी काय करावे?

कामानिमित्त वा पर्यटनासाठी शहरात जाणाऱ्या दोघांना खर्च कमी करण्याचे रीतसर मार्ग उपलब्ध आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात. एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना चार व सात दिवसांसाठी आहे. दोघांनी आपापले तिकीट वा पास घ्यावा. हे पास एकमेकांना देता येत नाहीत. दोघांपैकी एकाला निम्मे भाडे पडत असेल, तर त्याचे तिकीट निम्मे व दुसऱ्याचे पूर्ण काढावे. वाचलेली रक्कम मग दोघांनी वाटून घेतली, तर त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

पास हा धारकाच्या गरजेची समाजाने घेतलेली दखल होय. ती दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार धारकाला नसतो. शाळेत पासाचे अर्ज भरून घेताना शिक्षकांनी आणि ग्रामसभेत योजनांची माहिती देताना सदस्यांनी एवढी गोष्ट दोन वाक्यांत सांगितली, तरी अनेक मुलांचे पास जप्त होण्यापासून वाचतील आणि सवलतीचा पैसा ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचेल.