वेबिलात न आलेला प्रवासी

पेणच्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आहे. महाड, अलिबाग, पेण, श्रीवर्धन, कर्जत, रोहा, मुरूड आणि माणगाव या आठ आगारांचा कारभार इथून पाहिला जातो. कुठली गाडी किती किलोमीटर धावली, तिनं डिझेल किती खाल्लं, कुठली फेरी रद्द झाली, वाहकानं रोकड किती भरली, याचा हिशेब आगारात रोज होतो आणि तिथून वर चढत जातो.

पेण-रोह्याची जी मुलं मुंबई विद्यापीठाच्या बीएमएससारख्या अभ्यासक्रमाला जातात, त्यांच्या वाट्याला 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम' म्हणजे एमआयएस हा विषय येतो. डेटाबेस, ईआरपी, डेटा वेअरहाउस अशी प्रकरणं त्याच्या आगेमागे असतात. योग्य माहिती, योग्य माणसाला, योग्य वेळी, ही व्याख्या पहिल्याच तासाला वहीत उतरते. मुलं ती पाठ करतात, लिहितात, पास होतात. विषय मात्र अनेकांना संगणकाचाच वाटत राहतो. तो आहे निर्णयाचा, आणि हे कळायला एसटीच्या कारभाराइतकी जवळची जागा रायगड जिल्ह्यात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून कित्येक दशकं वाहकाच्या हातात पत्र्याचा ट्रे होता. त्यात दराप्रमाणे तिकिटांच्या गड्ड्या लावलेल्या आणि प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक छापलेला. ड्यूटी सुरू होताना प्रत्येक गड्डीचा पहिला क्रमांक वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या नोंदीच्या कागदावर, चढायचा. पुढे टप्पा बदलला की तोवर गड्डी कुठल्या क्रमांकापर्यंत आली, ते लिहायचं. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा. मध्येच मार्ग तपासणी पथक गाडीत चढलं, तर ते तीन गोष्टी पडताळून बघायचं: प्रवाशाच्या हातातलं तिकीट, ट्रेमधला वरचा क्रमांक आणि वेबिलावरची शेवटची नोंद. तिन्ही जुळल्या तर गाडी पुढे. संध्याकाळी आगारात शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करायचा, दरानं गुणायचं आणि तेवढी रोकड मोजून घ्यायची.

या कागदाकडे जरा थांबून बघायला हवं. माहिती जिथं जन्मते तिथंच, त्याच क्षणी ती टिपायची. टिपणाऱ्यावर पूर्ण भिस्त ठेवायची नाही, तीच गोष्ट दुसऱ्या एका वाटेनंही तपासता आली पाहिजे. आकड्याला ठिकाण आणि वेळ जोडलेली हवी. एमआयएसच्या पहिल्या दोन-तीन प्रकरणांत इनपुट, प्रोसेस, आउटपुट, कंट्रोल म्हणून जे शिकवतात, ते सगळं त्या वेबिलात होतं, आणि विजेचा दिवासुद्धा न लागता होतं.

पुढे तिकिटाचं मशीन आलं आणि आता मोबाइलवरून पैसे घेणारी यंत्रंही वाहकाच्या गळ्यात आहेत. बेरीज-वजाबाकी तीच राहिली. बदलला तो माहितीचा बारीकपणा आणि वेग. एखाद्या मंगळवारी वडखळला चढून नागोठण्याला उतरलेली माणसं किती, हे काढायला पूर्वी कारकुनाला वेबिलांचा गठ्ठा सोडून बसावं लागलं असतं. मशीनमध्ये ते तिकिटागणिक नोंदलेलं असतं. आता प्रश्न उरतो तो असा की हे विचारणार कोण, आणि उत्तर मिळाल्यावर काय बदलणार?

जगात धंद्यासाठी संगणक पहिल्यांदा वापरला गेला, तोही असल्याच घरगुती प्रश्नासाठी. लंडनच्या जे. लायन्स या कंपनीची चहाची दुकानं गावोगाव होती. तिनं 'लिओ' नावाचा संगणक स्वतःच बांधला आणि नोव्हेंबर 1951 मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब सुरू केला. पुढे दुकानांच्या रोजच्या मागणीचं कामही त्याच्याकडे गेलं. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी आधीच नोंदवून ठेवलेली असे. दुकान सांभाळणारी बाई दुपारी फोनवर फक्त बदल कळवी: उद्या अमुक जास्त, तमुक कमी. सगळं पुन्हा सांगायचं नाही, नेहमीपेक्षा वेगळं असेल तेवढंच सांगायचं. चांगल्या अहवालाची ही कसोटी आजही तशीच लागू आहे.

विद्यापीठांत विषय म्हणून एमआयएस उभा राहिला तो 1960 च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. गॉर्डन डेव्हिस हे त्यातलं मोठं नाव. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातात अनेक वर्षं वामन जावडेकर यांचं पाठ्यपुस्तक आहे. त्या पुस्तकांत एक त्रिकोण हमखास भेटतो. त्याची मूळ मांडणी रॉबर्ट अँथनी यांची, 1965 सालची: तळाला रोजचं काम, मध्ये देखरेख, वर दूरचं नियोजन.

हा त्रिकोण एसटीवर ठेवून बघा. स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाला या मिनिटाचं कळायला हवं: साडेसहाची रोहा गाडी लागली का, वाहक आला का, नसेल तर कोणाला पाठवू. आगार व्यवस्थापकाला आठवड्याचा आणि महिन्याचा कल हवा: कुठल्या फेरीचं भारमान, म्हणजे आसनांच्या मानानं प्रवासी, घसरतंय, कुठल्या गाड्या सारख्या ब्रेकडाऊन होतायत. विभाग नियंत्रकाला आठ आगारं शेजारी शेजारी ठेवून बघावी लागतात. गणपतीच्या जादा गाड्या, नव्या गाड्यांची वाटणी, मार्ग वाढवणं-तोडणं हे मुंबई सेंट्रलच्या मध्यवर्ती कार्यालयाशी मिळून ठरतं आणि त्यासाठी मागच्या काही वर्षांचे आकडे लागतात. तिकीट एकच, पण प्रत्येक मजल्यावर त्याचा वेगळा तुकडा कामाचा. वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावर पाच वर्षांचा आलेख ठेवला तर त्याचा काय उपयोग? विभाग नियंत्रकाला एकेक तिकीट वाचायला दिलं तर त्यांचा दिवस त्यातच जाईल.

डिझेलचंही तसंच. एसटीत गाडीचं मायलेज 'केपीटीएल'मध्ये मोजतात, म्हणजे दहा लिटरमध्ये किती किलोमीटर. एका नोंदीत गाडीचा क्रमांक, चालक, मार्ग आणि भरलेलं डिझेल एवढं असलं, की तोच आकडा दोन बाजूंनी कापता येतो. एक चालक सगळ्याच गाड्यांवर मागे पडत असेल तर त्याला प्रशिक्षण द्यावं. एक गाडी सगळ्याच चालकांच्या हातात जास्त डिझेल पीत असेल तर तिला कार्यशाळेत घ्यावं. डेटाबेसच्या तासाला 'प्रायमरी की' समजत नाही म्हणणाऱ्या मुलानं पेणच्या फलाटावर उभं राहून गाड्यांचे क्रमांक वाचावेत. रायगडमध्ये धावणाऱ्या गाडीवर बहुतेक वेळा एमएच-14 किंवा एमएच-20 असतं, कारण तिची बांधणी दापोडीच्या किंवा चिकलठाण्याच्या कार्यशाळेतली. गाडी पुढे कुठल्याही आगारात गेली तरी तो क्रमांक तिच्याबरोबर जातो आणि तिचा सगळा इतिहास त्याच क्रमांकाला चिकटलेला राहतो.

आता सरासरीकडे येऊ, कारण घोटाळा बहुतेक वेळा तिथं होतो. समजा, 44 आसनांची एक गाडी सकाळी पेणहून आतल्या एका गावाला जाते. जाताना प्रवासी 5. तीच गाडी कॉलेजची मुलं घेऊन परतते तेव्हा 55, त्यातली 11 उभी. जाताना भारमान 11 टक्के, येताना 125, दोन्ही मिळून 68. महिन्याच्या अहवालात 68 बघून कोणीही म्हणेल, ठीक चाललंय. फेरीवार अहवालात 11 दिसले तर कोणी म्हणेल, जाणारी फेरी बंद करा. पण ती गेली नाही तर मुलांना आणायला गाडी येणार कुठून? दोन्ही आकडे खरे आहेत, आणि दोन्हींपैकी एकटा कोणताही निर्णयाला पुरत नाही. गाडीची जाणारी आणि येणारी फेरी जोडीनं बघायची असते, हे मशीनला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस तो रस्ता ओळखणारा असावा लागतो.

व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अॅकॉफ यांनी 1967 मध्ये एक लेख लिहिला होता. व्यवस्थापकांना माहिती कमी पडते असं आपण धरून चालतो, खरं तर बिनकामाची माहिती त्यांच्यावर ओतली जाते, हे त्यांचं म्हणणं. गाळणी आधी हवी, नळ नंतर. अहवालांच्या पानांत बुडालेलं कुठलंही कार्यालय आठवलं की हे पटतं.

कधी कधी बिनकामाची वाटणारी नोंदच महत्त्वाची असते. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तरी वाहक आजोबांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट देतो. पैसेच घ्यायचे नाहीत तर तिकीट कशाला, असं शेजारच्याला वाटतं. पण सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला भरून देतं आणि त्या मागणीला आधार हवा असतो. ते शून्याचं तिकीट म्हणजे महामंडळाच्या येणे रकमेचा पुरावा. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं, तिथंही उरलेल्या अर्ध्याचा हिशेब तिकिटातूनच उभा राहतो.

व्यवस्था चांगली असली की आकडे आपोआप खरे होतात, असं मात्र नाही. हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2010 मध्ये निर्बंध घातले आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. बोगस कर्जखात्यांचा विषय पुढे आला. वर्गात 'डेटा इंटेग्रिटी' शिकवताना दूरच्या कंपन्यांची उदाहरणं द्यायची आणि गावातली ही जखम टाळायची, हे मला पटत नाही. नोंद करणारा आणि ती तपासणारा एकाच दावणीला बांधला गेला, की कागद कितीही नेटका असला तरी त्याचा भरवसा उरत नाही. वेबिल तपासणारं पथक वाहकाच्या आगाराचा कागद हातात घेऊन, पण बाहेरून, रस्त्यात मध्येच चढायचं, ते यासाठीच.

आणि सगळ्यात अवघड धडा, जो पुस्तकांत एखाद्या परिच्छेदात उरकतात: व्यवस्थेत फक्त घडलेलं येतं. मशीनमध्ये गाडीत चढलेल्यांची नोंद होते. नागोठण्याहून भिसे खिंडीच्या रस्त्यानं रोह्याला निघालेली गाडी भरून आली, थांब्यावर न थांबता गेली आणि तिथल्या चार मुली मागे राहिल्या, तर त्या चौघींचं तिकीट निघत नाही. त्या कुठल्याच तक्त्यात नाहीत. विनाथांबा गेलेल्या गाडीचं भारमान उत्तम दिसतं. चार-सहा महिन्यांनी त्या मुली वाट बघणं सोडून सहा आसनी रिक्षानं जाऊ लागतात किंवा कॉलेजच सोडतात, आणि अहवाल म्हणतो, या थांब्यावर मागणी नाही. मागणी होती, टिपली गेली नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास आहे. त्या पासावर किती जणींना खरोखर चढायला मिळतं, हे दिलेल्या पासांच्या संख्येवरून कळणार नाही.

मागे राहिलेल्यांची ही मोजणी विद्यार्थी करू शकतात, आणि दर वर्षी इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रकल्पांपेक्षा ते शंभर पटींनी मोलाचं होईल. चौघाचौघांचे गट करावेत. वाकण, कोलाड, वडखळ, आतल्या गावांचे फाटे वाटून घ्यावेत. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर, सलग एक आठवडा, साध्या तक्त्यात पाच रकाने भरावेत: गाडीची ठरलेली वेळ, आलेली वेळ, चढलेले, मागे राहिलेले, दुसऱ्या वाहनानं गेलेले. बाजाराचा दिवस आणि परीक्षेचा दिवस वेगळा लिहावा. मग आगाराकडून त्याच फेऱ्यांचे तिकिटांचे आकडे रीतसर अर्ज करून मागावेत आणि दोन्ही शेजारी मांडावेत. शाळा-कॉलेजं जूनमध्ये उघडतात, त्याआधी फेऱ्यांच्या वेळा ठरतात. त्यामुळे ही मोजणी फेब्रुवारीत व्हायला हवी आणि तक्ता मार्चअखेर आगार व्यवस्थापकांच्या टेबलावर पोचायला हवा. मे महिन्यात पोचला, तर फेऱ्या तोवर ठरून गेलेल्या असतील.