काट्याची हाक

होटगीच्या शिवारात अनवाणी चालताना बाभळीचा काटा पायात मोडला, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. जखम चिघळली असे आपण म्हणतो. वस्तुतः तेथून एक हाक गेलेली असते आणि तिला ओ देऊन रक्तातील पांढऱ्या पेशी धावून आलेल्या असतात. ही हाक कसली, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

1882 साली मेसिना येथे मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. परंतु पेशीला ना डोळे, ना कान. मग तिला वाट कोण दाखवते?

ते तपासण्याची सोपी युक्ती 1962 साली बॉयडन यांनी सांगितली. बारीक छिद्रांच्या पडद्याने भांड्याचे दोन कप्पे करावेत. वर पेशी ठेवाव्यात, खाली परीक्षेचे द्रव्य. द्रव्य हाक देणारे असेल, तर पेशी अंग चोरून छिद्रांतून पलीकडे जातात, त्या मोजाव्यात. 1987 साली इंटरल्युकिन-8 हे असे एक द्रव्य ओळखले गेले. अशा लहान प्रथिनांना केमोकाइन म्हणतात. माणसाच्या शरीरात ती पन्नासाच्या आसपास आहेत. जखमेपाशी ती दाट असतात, दूर विरळ. गुळाच्या वासाने मुंगी यावी, तशी पेशी दाटपणाच्या दिशेने सरकते. काटा निघाला, जंतू मेले, की हाक थांबते आणि जखम भरते.

घोटाळा होतो तो हाक न थांबल्यास. कर्करोगाची गाठ हीच भाषा बोलते. तिच्या हाकेने आलेल्या भक्षक पेशींपैकी पुष्कळ तिच्याच चाकरीला लागतात. तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवतात आणि गाठीवर चालून येणाऱ्या मारक पेशींना थोपवतात. राखणदारच चोराला शिडी धरतो! उलट, काही केमोकाइन मारक पेशींनाच बोलावतात. म्हणून सरसकट सर्व हाका बंद करणे हा उपाय नव्हे. कोणती हाक दाबावी आणि कोणती वाढवावी, हाच आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. तंबाखू-चुन्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी अभ्यासून मांडला. तंबाखूत कर्करोगकारक द्रव्ये तर असतातच. शिवाय गालात रोज ठेवलेली चिमूट तेथील दाह विझू देत नाही. पायातला काटा आपण सुईने काढतो. गालातला मात्र दररोज स्वतःच्या हाताने रोवतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : तो काटा आधी काढावा. तोंडातील फोड किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो दुखत नाही म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांस दाखवावा. शरीर हाक देते. ती आपणही ऐकावी.