एक एकराचा हिशेब

लातूर-नांदेडकडच्या बहुतेक शिवारात शेतीचा धंदा म्हणजे सोयाबीन. मोंढ्यावर नेलं की रोकड हातात. याच पट्ट्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांना निराळं सुचवलं: घरच्या जमिनीतला एक एकर मागून घ्या, त्यात कडधान्यं, भाजीपाला, ज्वारी असं मिसळून लावा, आधी घरात खा आणि उरेल ते विका. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या या संस्थेला २०१६ साली इक्वेटर पारितोषिक मिळालं.

यात बाईचं ध्येय छोटं म्हणायचं का? विकलेल्या मालावरून मोजलं, तर हो. पण घरात शिजलेली तूर बाजार समितीच्या पावतीवर येत नाही, आणि एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं, याचीही नोंद कुठे होत नाही.

श्रीलंकेत असाच प्रकार झाला. छोट्या धंद्यांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून भांडवल दिलं. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा सरासरीनं वाढलाच नाही. बायकांना धंदा कळत नाही, असं म्हणायला मोकळीक मिळाली. २०१९ साली रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका व घानाची आकडेवारी पुन्हा उकलली. घरात बाईचा एकटीचाच धंदा असेल, तर तिथे फरक उरत नव्हता. नवऱ्याचाही धंदा असेल, तिथे तिला मिळालेला पैसा त्याच्याकडे वळत होता. नफा होत होता, फक्त तिच्या वहीत दिसत नव्हता.

मग बायका स्वभावानंच चढाओढ टाळतात, या म्हणण्याचं काय? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टांझानियातले मसाई आणि मेघालयातले खासी लोक बादलीत चेंडू टाकत होते. प्रत्येक यशाला ठरलेली रक्कम घ्या, किंवा समोरच्याला हरवून तिप्पट मिळवा. पितृसत्ताक मसाईंमध्ये चढाओढ पुरुषांनी जास्त पत्करली. मालमत्ता लेकीकडे जाणाऱ्या खासींमध्ये बायकांनी. दोनच समाज, हे खरं; पण 'बाईची जातच जपून चालणारी' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तेवढे पुरेत.

बचत गटाच्या बाईची कर्जफाइल हातात घेणाऱ्या बँकवाल्यांनी एवढं विचारावं: या घरात आणखी कोणाचा धंदा आहे, आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे?